राखणीचा कुत्रा : चावणारा नको, थांबणारा हवा

कपाशीची वेचणी सुरू झाली, संत्र्याला रंग चढला, तुरीच्या शेंगा भरल्या की वऱ्हाडातल्या शेतकऱ्याची झोप उडते. विहिरीवरची मोटर, केबल, स्प्रिंकलरचे पाईप, झाडावरचा माल, सारंच उघड्यावर. जागलीला माणूस मिळत नाही. मिळाला तर परवडत नाही. मग पारावर सल्ला निघतो, "कुत्रं असं पायजे बावा, का मानूस दिसला की फाडलाच पायजे!" लगेच जाड साखळी आणि खिळ्यांचा पट्टा विकत येतो. आता तर विजेचा झटका देणारा पट्टाही मोबाईलवरून घरपोच मागवता येतो.

शेतकरी बंधूंनो, सामान घेण्याआधी एक हिशेब करा. वर्षभरात तुमच्या वावरात चोर किती वेळा येतो? आणि वेचणीच्या बाया, सालदाराचं लेकरू, लाईनमन, तलाठी, कृषी सहायक किती वेळा येतात? फक्त चावायला शिकवलेला कुत्रा यातला चोर ओळखत नाही. राखणीच्या कुत्र्याचं काम तीन शब्दांत सांगता येतं : भुंकणं, अडवणं आणि मालकाच्या एका हाकेवर थांबणं. यातलं तिसरं सर्वांत अवघड. सामान निवडायचं ते त्याच्यासाठी.

पट्टा आणि दोर

गळपट्टा रुंद, मऊ चामड्याचा किंवा जाड सुती निवारीचा घ्यावा. पट्टा आणि मान यांत दोन बोटं सहज गेली पाहिजेत. पिल्लू वाढतं तसा पट्टा आवळत जातो आणि मानेत रुततो. म्हणून दर आठवड्याला बोटं घालून पाहा.

शिकवण्याचं खरं हत्यार म्हणजे पंचवीस-तीस फुटांचा सुती दोर. नायलॉनचा दोर ओढ बसताच हात कापतो. कुत्रा दूर गेला की हाक मारायची, आला नाही तर दोराने हळूच जवळ आणायचं आणि आला की भाकरीचा तुकडा द्यायचा. पिल्लू तीन-चार महिन्यांचं असताना सुरुवात करावी. रोज दहा-दहा मिनिटं दोन वेळा पुरे. हुकूम देणारा माणूस आणि हुकमाचा शब्द एकच ठेवावा. बापाने "थांब" म्हणायचं आणि पोराने "छू" म्हणायचं, असं घर असेल तर कुत्रा कुणाचाच राहत नाही. पोलिसांच्या श्वान पथकातही कुत्रा ठरलेल्या हस्तकाच्याच हाताखाली काम करतो, ते याचसाठी.

बांधायची साखळी हलकी, लांब आणि भोवरकडी असलेली घ्या. भोवरकडी नसली की साखळीला पीळ पडतो आणि कुत्र्याला फास बसतो. दोन खुंटांमध्ये तार ताणून तिच्यात कडी अडकवली तर त्याला फिरायला जागा मिळते. अवजड किंवा आखूड साखळीने जनावर तासन् तास बांधून ठेवणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. शिवाय सतत बांधलेला कुत्रा राखणदार होत नाही, पिसाळल्यासारखा चिडका होतो.

मुसकं हवंच

डवरणीच्या वेळी बैलाला मुसकं घालतो, तसं कुत्र्यालाही हवं. गर्दीचा दिवस, दवाखाना, नवा माणूस, अशा वेळी ते उपयोगी पडतं. मात्र ते जाळीचं आणि प्रशस्त असावं, आत तोंड उघडता आलं पाहिजे. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो. त्या उन्हात तोंड आवळून बांधणारं कापडी मुसकं कुत्र्याचा जीव घेऊ शकतं.

हे घेऊ नका

आतल्या बाजूला काटे असलेला पट्टा आणि विजेच्या झटक्याचा पट्टा टाळा. झटका बसताना कुत्र्यासमोर वेचणीची बाई उभी असेल, तर दुखणं तिच्यामुळे झालं असं तो समजतो. दुसऱ्या दिवशी तिच्यावरच गुरगुरतो. हिमालयातले मेंढपाळ कुत्र्याला काटेरी लोखंडी पट्टा घालतात, पण त्याचे काटे बाहेरच्या बाजूला असतात. बिबट्याने गळा धरू नये म्हणून ते असतात, कुत्र्याला शिकवण्यासाठी नाही.

हातावर चढवायची जाड बाही आणि गोणपाटाची गुंडाळी हे चावा शिकवण्याचं सामान. जाणकार प्रशिक्षकाशिवाय त्याला हात लावू नये. चावायला शिकवणं सोपं, सोडायला शिकवणं कठीण.

रानातली जनावरं

धारणी, चिखलदरा, अचलपूर, अकोट या मेळघाटालगतच्या भागात रात्री कुत्रा उघड्यावर बांधू नका. बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला आयतं भक्ष्य. त्याला पक्क्या दाराच्या खोपीत ठेवा. भुंकणं तिथूनही ऐकू येतं. रोही, हरीण, रानडुकरावर कुत्री सोडून पाठलाग करवणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारीत मोडू शकतं. पिकाच्या नुकसानीसाठी वनविभागाकडे भरपाईचा अर्ज करावा.

सर्वांत स्वस्त सामान

सगळ्यात आधी घ्यायची वस्तू दुकानात मिळत नाही. ती म्हणजे रेबीजची लस. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली, नंतर पशुवैद्यक सांगेल तशी दर वर्षी. आपल्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्थाही आहे. लस दिल्याचा कागद जपून ठेवा. कुत्रा कुणाला चावलाच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि तडक दवाखाना गाठा. हळद, मिरची, चुना लावत बसू नका. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

आपल्या जनावरापासून दुसऱ्याला इजा होऊ नये याची काळजी न घेणाऱ्याला 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पोलीस पाटील, सरपंच आणि ग्रामसेवकांनी गावात राखणीचे कुत्रे किती आणि त्यांतल्या कितींना लस दिली, याची वही ठेवली तर पुढचे पुष्कळ तंटे टळतील.

संत्र्याची चार कॅरेट चोरीला गेली तर पुढच्या बहाराला भरून निघतील. मजुराच्या लेकराचा तोडलेला गाल भरून निघत नाही. म्हणून खरेदीला जाल तेव्हा आधी दोर आणि मुसकं मागा, साखळी नंतर पाहा.