वाऱ्याची वाट, पाण्याची जाळी

मोटारीच्या एंजिनात जळणाऱ्या पेट्रोलच्या उष्णतेतून चौथा ते तिसरा हिस्सा काय तो गतीच्या कामी येतो, जवळजवळ तितकाच धुराबरोबर निघून जातो, आणि बाकी राहिलेल्या, कोणालाच नको असलेल्या उष्णतेचा मोठा भाग पाण्याच्या पदरी पडतो. या नकोशा ठेवीची क्षणोक्षणी विल्हेवाट लावण्याचा बंदोबस्त ज्याच्याकडे सोपविलेला असतो, तो रेडिएटर. कार्ल बेंझच्या १८८६ च्या तीनचाकीत असा बंदोबस्त नव्हताच. तेथे पाणी उकळून वाफ होऊन जाई आणि वाटेत नवे ओतावे लागे. पुढे विल्हेल्म मायबाखने १९०१ च्या पस्तीस अश्वशक्तीच्या मर्सिडीजसाठी ६ मिलिमीटर चौरस छिद्राच्या ८,०७० आखूड नळ्या एकत्र झाळून मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी सिद्ध केली, नळ्यांतून वारा आणि त्यांच्यामधील बारीक फटींतून पाणी खेळविले, व पाठीमागे पंखा बसविला. एंजिन पूर्वीपेक्षा जोरकस झाले असताही पाणी निम्म्यावर, नऊ लिटरांवर आले. मायबाखने पाणी वाढविले नाही, वाऱ्याला भिडणारा पृष्ठभाग वाढविला. आणि हौसेने मोटार घडविणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या ध्यानात नेमकी हीच गोष्ट येत नाही.

अमेरिकेतील हौशी मंडळींचे आवडते दैवत म्हणजे १९३२ सालची फोर्ड. तिच्या मूळच्या आठ सिलिंडरांच्या पासष्ट अश्वशक्तीच्या एंजिनात धुराचे मार्ग सिलिंडरांच्या ठोकळ्यातूनच, पाण्याला खेटून काढलेले असल्यामुळे जी उष्णता परस्पर बाहेर पडावयाची तीही रेडिएटरच्याच माथी येई, आणि गाडी तापण्याबद्दल तिचा लौकिक झाला तो उगीच नव्हे. तेच नाजूक, उंच व अरुंद तोंड कायम ठेवून त्यामागे पुढल्या काळातील शेव्हरोलेचे एंजिन बसवावयाचे, जे १९५५ सालीच १६२ अश्वशक्तीचे होते आणि हौशी कारागिराच्या हाती पडल्यावर तेवढ्यावर थांबत नाही, हा या छंदातील रूढ बेत होय. आडव्या प्रवाहाची, दोन बाजूंस टाक्या असलेली जाळी आजच्या बुटक्या नाकाच्या गाड्यांस शोभते. येथे मात्र पाणी वरच्या टाकीतून खाली उतरविणे एवढाच मार्ग उरतो, कारण पंपाची फारशी पर्वा न करता उष्ण पाणी आपोआप वर चढावे या जुन्या विचारातूनच या उंच तोंडाची घडण झालेली आहे.

रुंदी वाढविता येत नाही म्हटल्यावर मालकाची बुद्धी साहजिकच जाडीकडे वळते. नळ्यांच्या दोन ओळींच्या जागी चार ओळींची जाळी मागविली म्हणजे गारवा दुप्पट होईल, असा हिशेब तो मांडतो. परंतु पहिल्या पंगतीने ताटे पुसून नेल्यावर येणाऱ्या पाहुण्यासारखी मागल्या ओळींची अवस्था होते: त्यांच्या वाट्यास आधीच तापलेली हवा येते, आणि वर जाळी दाट झाल्याने ती हवादेखील कमी शिरते. एक लिटर पाणी एका अंशाने निववावयाचे तर सुमारे साडेतीन हजार लिटर हवा एका अंशाने तापावी लागते. हे प्रमाण ज्याला एकदा उमगले, त्याला खरी टंचाई पाण्याची नसून हवेची आहे हे निराळे सांगावे लागत नाही.

धातूचा वाद मला त्या मानाने गौण वाटतो. तांबे उष्णता अॅल्युमिनियमपेक्षा दीडपटीहून अधिक चांगली वाहते हे खरे. पण तांब्याचे पत्रे पितळी नळ्यांना जोडणारा शिसे-कथिलाचा डाख त्या मानाने मंद वाहक असतो, आणि हलक्या अॅल्युमिनियमच्या नळ्या रुंद करता येत असल्याने मूळचा उणेपणा बराच भरून निघतो. उलट, गळती लागलेली तांब्या-पितळेची जाळी कोणताही जुना कारागीर तासाभरात झाळून देईल. पाणी फार वेगाने गेले तर त्याला थंड होण्यास सवड मिळत नाही, ही समजूत मात्र कारखान्यांतून हद्दपार व्हावयास हवी. फिरते पाणी पुनःपुन्हा जाळीत येतच असते, आणि वेगाने त्याची खळबळ वाढून उष्णता नळीच्या भिंतीला अधिकच सुलभतेने मिळते.

जाळीत शिरलेला वारा बाहेर कोठे जाणार, याची चौकशी फार थोडे करतात. पंख्याभोवती आच्छादन नसेल तर पंखा आपल्या वर्तुळापुरतीच हवा ओढतो आणि जाळीचे चारी कोपरे स्वस्थ बसून राहतात. बॉनेटखाली तापलेली हवा कोंडली असेल तर पुढून नवी येण्यास जागाच राहत नाही. जुन्या फोर्डच्या बॉनेटला हौशी लोक ज्या तिरप्या फटी पाडतात, त्या पुष्कळांना निव्वळ नखरा वाटतात. त्यांत नखरा आहेच, पण कामही आहे.

नळ्या, ओळी व पत्र्यांची दाटी यांचे जे तक्ते विक्रेते देतात, ते आपल्या मुलखात जसेच्या तसे मान्य करू नयेत. पाणी ९५ अंशांवर आणि हवा २५ अंशांवर असता दोहोंत ७० अंशांचे अंतर असते. नागपूरच्या मे महिन्यात हवा ४५ अंशांवर गेली की ते अंतर ५० वर येते, म्हणजे त्याच जाळीची कुवत अठ्ठावीस-एकोणतीस टक्क्यांनी घटते. ही तूट जाडीने नव्हे, तर तोंडाचे क्षेत्रफळ आणि पंख्याचा जोर वाढवून भरून काढण्याची तजवीज आराखडा कागदावर असतानाच करावी.