संगणकाचा गोंगाट आणि रेडिओ-दुर्बीण

संगणकातील प्रत्येक स्पंद म्हणजे विद्युद्दाबाचा आकस्मिक चढउतार होय. फूरिये विश्लेषणानुसार अशा स्पंदमालिकेत मूळ कंप्रतेच्या अनेक पटींतील घटक असतात. ते कोठवर प्रबळ राहतात, हे स्पंदाच्या चढणीस लागणाऱ्या काळावर अवलंबून असते. हा काळ १ नॅनोसेकंद असेल, तर सुमारे ३१८ मेगाहर्ट्झच्या पलीकडेच त्यांचा ऱ्हास शीघ्र होऊ लागतो. म्हणून क्लॉक मंद आहे एवढ्यावरून यंत्र निरुपद्रवी ठरत नाही.

हे घटक बहुधा जोडतारांवाटे बाहेर पडतात. तारेतील सर्व वाहकांतून एकाच दिशेने वाहणारा अनिष्ट प्रवाह तारेस अँटेनाचे रूप देतो. १ मीटर लांबीच्या तारेतून ५० मेगाहर्ट्झचा असा अवघा ५ मायक्रोअँपिअर प्रवाह वाहिला, तरी १० मीटर अंतरावर दर मीटरला सुमारे ३१ मायक्रोव्होल्ट क्षेत्र निर्माण होऊ शकते. सी.आय.एस.पी.आर. ३२ या आंतरराष्ट्रीय मानकाने घरगुती उपकरणांसाठी ३० ते २३० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात ठरविलेली मर्यादा जवळजवळ एवढीच आहे.

परंतु ही मर्यादा मुख्यत्वे शेजारच्या रेडिओ व दूरचित्रवाणी संचांच्या रक्षणासाठी आहे. नारायणगावाजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जी रेडिओ-दुर्बीण आहे, तिची गरज निराळी आहे. मानकातील मापन १२० किलोहर्ट्झ रुंदीत केले जाते. त्या हिशेबाने मर्यादेत बसणारा संगणकही १० मीटरवर सुमारे २२० कोटी जान्स्की आणि, मध्ये अडथळा नसल्यास, १० किलोमीटरवर २,२०० जान्स्की तीव्रता देऊ शकतो. अभ्यासावयाचे अनेक खगोलीय उगम मात्र १ जान्स्कीच्या सहस्रांशाहूनही क्षीण असतात. टेकड्यांचा आडोसा आणि बाजूने येणाऱ्या तरंगांविषयी अँटेनेची अल्प ग्रहणक्षमता यांनी ही तफावत घटते. परंतु ती नाहीशी होईल असे गृहीत धरता येत नाही.

क्लॉकची कंप्रता किंचित मागेपुढे डोलविण्याची युक्ती आता रूढ आहे. तिच्यामुळे १२० किलोहर्ट्झमधील शिखर खाली येते व यंत्र कसोटीस उतरते. एकूण ऊर्जा मात्र तेवढीच राहून अधिक रुंद पट्ट्यात पसरते. रुंद पट्ट्यात निरीक्षण करणाऱ्या दुर्बिणीस त्यापासून फारसा लाभ नाही.

येथील पेच असा की, संगणकावाचून दुर्बिणीचेही चालत नाही. सर्व अँटेनांकडून आलेल्या संकेतांची सांगड घालण्याचे काम संगणकीय यंत्रणाच करते. तेव्हा अशी यंत्रणा धातुकवचात ठेवणे, तिच्या वीजतारा फिल्टरमधून आत नेणे आणि संकेतांसाठी विद्युत्प्रवाह न वाहणारे प्रकाशीय तंतू योजणे, हेच मार्ग उरतात. त्यातही कवचाला पडलेली फट अर्ध्या तरंगलांबीएवढी झाली की त्या कंप्रतेस कवच जवळजवळ निरुपयोगी होते. १,४२० मेगाहर्ट्झला ही लांबी साडेदहा सेंटिमीटर भरते. नीट न लागलेल्या दाराची कडही तेवढ्यास पुरेशी असते. म्हणूनच विद्युच्चुंबकीय सुसंगती ही केवळ प्रमाणपत्राने सिद्ध होणारी गोष्ट नव्हे. कोणाच्या शेजारी यंत्र ठेवावयाचे आहे, हा प्रश्न तीत प्रथम विचारावा लागतो.