रक्त थांबवायचं तर दाब उतरवायचा

लिव्हर सिरोसिसच्या रुग्णाला अचानक रक्ताची मोठी उलटी होते, किंवा शौचाला डांबरासारखं काळं होतं. हॉस्पिटलात पोचताच घरच्यांची मागणी असते: रक्त थांबवायचं इंजेक्शन द्या, रक्त चढवा. मागणी साहजिक आहे. पण इथं मूळ दुखणं दाबाचं असतं.

आतड्यांकडून येणारं रक्त पोर्टल शिरेतून यकृतात जातं. सिरोसिसमध्ये यकृत कडक होतं आणि ही वाट तुंबते. (सिरोसिस म्हणजे दारूच, हा समज कावीळ ब आणि क, फॅटी लिव्हर यांच्या रुग्णांवर अन्याय करतो.) अडलेलं रक्त आडवाट धरतं आणि अन्ननलिकेच्या, जठराच्या शिरा फुगतात. यकृताच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला फरक एरवी पारा-मापात १ ते ५ मिलिमीटर असतो. तो १२ च्या पुढे गेला की शीर फुटण्याची भीती.

म्हणून दुर्बीण घालण्याची वाट न पाहता, नुसता संशय आला तरी औषध सुरू करतात. टर्लिप्रेसिन आतड्यांच्या रक्तवाहिन्या आकुंचित करतं. यकृताकडे येणारा लोंढाच कमी होतो. सुरुवातीला सहसा दर चार तासांनी २ मिलिग्रॅम. दुसरं औषध ऑक्ट्रिओटाइड: ५० मायक्रोग्रॅम एकदम, मग तासाला तेवढंच सलाइनमधून. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोरियातल्या ७८० रुग्णांच्या अभ्यासात टर्लिप्रेसिन, ऑक्ट्रिओटाइड आणि सोमॅटोस्टॅटिन तिन्ही सारखीच ठरली. हृदयविकार असेल तर मात्र टर्लिप्रेसिन जपून. ते हृदयाच्याही रक्तवाहिन्या आवळू शकतं. औषध दोन ते पाच दिवस चालतं. बारा तासांच्या आत एंडोस्कोपी करून फुटलेल्या शिरेला रबरी बँड बांधतात.

सोबत सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसारखं अँटिबायोटिक हवंच. रक्तस्रावाच्या वेळी या रुग्णांना जंतुसंसर्ग पटकन होतो, आणि त्यातून पुन्हा रक्तस्रावही होतो. घाईगर्दीत हे इंजेक्शन दुय्यम वाटतं. तसं नाही, त्यानं जीव वाचतात.

आता घरच्यांच्या त्या दोन मागण्या. रक्त गोठायला मदत करणारं ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड प्रसूतीत, अपघातात उपयोगी पडतं. पोटातल्या रक्तस्रावाच्या सुमारे १२ हजार रुग्णांवरच्या ‘हॉल्ट-इट’ चाचणीत (२०२०) मात्र त्यानं मृत्यू कमी झाले नाहीत. उलट शिरांमध्ये गुठळ्या होण्याचं प्रमाण वाढलं. आणि रक्त? बार्सिलोनातल्या ९२१ रुग्णांच्या अभ्यासात (२०१३) हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्यावरच रक्त दिलेल्यांपैकी ९५ टक्के सहा आठवड्यांनी जिवंत होते. ९ च्या खाली जाताच दिलेल्यांपैकी ९१ टक्के. जास्त रक्त मिळालेल्या गटातल्या सिरोसिसच्या रुग्णांमध्ये पोर्टल शिरेतला दाब वाढलेला आढळला. अतिप्रचंड रक्तस्राव होणाऱ्यांना या अभ्यासात घेतलं नव्हतं. त्यांना रक्त तातडीनंच लागतं. पण इतरांच्या बाबतीत डॉक्टर ‘आणखी बाटली नको’ म्हणाले, तर तो हलगर्जीपणा नसतो.

धोका टळला की प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्व्हेडिलॉलच्या गोळ्या सुरू होतात, आणि शिरा नाहीशा होईपर्यंत काही आठवड्यांच्या अंतरानं बँड बांधत राहतात. या गोळ्यांची कल्पना फ्रान्समधली. दिदिए लेब्रेक यांनी १९८१ मध्ये ७४ रुग्णांवर प्रोप्रॅनोलॉल वापरून पाहिलं. वर्षभरानंतर गोळी घेणाऱ्यांपैकी ९६ टक्क्यांना पुन्हा रक्तस्राव झाला नव्हता. नुसती खोटी गोळी मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण निम्मंच होतं.