पाय दिला, पुढे काय?

जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात 1968च्या सुमारास हाडांचे डॉक्टर प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी रबराचा एक पाय घडवला. तोवरचे परदेशी धाटणीचे कृत्रिम पाय बुटात घालून खुर्चीवर बसणाऱ्यांच्या सोयीचे होते. इथल्या माणसाला मात्र चिखल तुडवत शेतात जायचे असते, मांडी घालून जेवायचे असते, शौचाला उकिडवे बसायचे असते. हाच ‘जयपूर फूट’ अनवाणी वापरता येतो, त्यावर उकिडवे बसता येते. तो स्वस्त म्हणून गाजला, पण त्याचे खरे मोल असे की वापरणाऱ्याचे उठणेबसणे आधी पाहिले गेले आणि मग पाय बनला. आपण त्यातली स्वस्ताई तेवढी उचलली.

कारण पुनर्वसन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अजून शिबिरच येते: मांडव, मापे, वाटप, फोटो. शरीराचे वेळापत्रक मात्र शिबिराच्या तारखांवर चालत नाही. पाय कापल्यावर उरलेल्या भागाची सूज पुढचे कित्येक महिने उतरत राहते. सुरुवातीला घट्ट बसलेली कृत्रिम पायाची खोबण सैल होते, घासते, जखम करते. मधुमेहामुळे पाय गमावलेल्याची संवेदना बोथट झालेली असेल, तर ती जखम चिघळेपर्यंत कळतही नाही. लहान मुलाची तर उंचीच वाढते, त्याला पाय पुन्हापुन्हा बदलून लागतो. जन्मतः वाकड्या पावलांचे उदाहरण याहून बोलके आहे. पॉन्सेटी पद्धतीत दर आठवड्याला प्लास्टर बदलत काही आठवड्यांत पाऊल सरळ होते. पण त्यानंतर मूल साधारण चार वर्षांचे होईपर्यंत रात्री पट्टीला जोडलेले बूट घालावे लागतात. मूल रडते म्हणून ते सुटले, की पाऊल पुन्हा वळू लागते. प्लास्टर डॉक्टर घालतो, बूट रोज रात्री आई घालते, आणि त्या आईला धीर द्यायला कोणी येतच नाही.

शिबिरांना नावे ठेवणे सोपे आहे, असे कोणी म्हणेल, आणि ते खरेच आहे. 1975मध्ये स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने लाखो लोकांना मोफत पाय दिले. मजुरी बुडवून महिनाभर शहरात राहणे ज्याला परवडत नाही, त्याला झटपट मिळणारा पाय म्हणजे वरदानच. पण हाच मुद्दा पुढे नेला तर उपचारांनी गावापर्यंत यायला हवे. 1978च्या अल्मा-आटा जाहीरनाम्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने समुदायाधारित पुनर्वसनाची, म्हणजे गावातल्याच कार्यकर्त्याला शिकवून मदत दारापर्यंत नेण्याची, कल्पना मांडली ती याचसाठी. अर्धवट शिकलेला कार्यकर्ता अपाय करील, ही शंका रास्त आहे. मात्र त्याने पाय बनवायचा नसतो. लाल झालेली कातडी ओळखायची, व्यायाम करवून घ्यायचे, वेळेवर थेरपिस्टकडे पाठवायचे, एवढेच त्याचे काम.

2016च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले, सरकारी कागदावर ‘अपंग’चे ‘दिव्यांग’ही झाले. तरी हिशेब वाटलेल्या वस्तूंचाच मांडला जातो; वर्षभरानंतर त्यांतल्या किती पायात आहेत आणि किती माळ्यावर, हा रकानाच नसतो. 2011च्या जनगणनेतल्या 2 कोटी 68 लाख दिव्यांगांपैकी सुमारे 69 टक्के खेड्यांत राहतात. पाय फुकट मिळाला, तरी सैल झालेली खोबण घट्ट करायला जिल्ह्याच्या गावी जायचे तर दोघांचे एसटीचे भाडे लागते, दोघांचा रोज बुडतो.