तीळ साधा की धोक्याचा? न कापता सांगते डर्मोस्कोपी

अंगावर एकही तीळ नाही असा माणूस सापडणं कठीण. गालावरच्या तिळाचं कौतुक होतं, पण तोच मोठा व्हायला लागला की घरात काळजी सुरू होते. कापावा लागेल का, या भीतीने काही जण डॉक्टरकडे जातच नाहीत. काही जण चुना-सोडा लावून घरीच जाळून टाकतात. दोन्ही चुकीचं आहे. जाळलेल्या तिळात काय होतं, हे नंतर डॉक्टरांनाही सांगणं अवघड जातं.

तपासणी कशी होते?

तीळ म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा पुंजका. उघड्या डोळ्यांनी पाहताना कातडीवरची चमक आड येते. डर्मोस्कोप हे हातात धरायचं छोटं भिंग तीळ साधारण 10 पट मोठा दाखवतं. जेल लावून किंवा खास प्रकाश वापरून चमक घालवली की आतल्या रंगाची नक्षी दिसते. सुई नाही, दुखणं नाही.

साध्या तिळाची नक्षी शिस्तीत असते: एकसारखी जाळी, कडेला फिकट होत गेलेली, किंवा सारखे गोल ठिपके. जाळी कुठे जाड, कुठे तुटलेली, रंग अनेक आणि दोन बाजू न जुळणाऱ्या असतील तर डॉक्टर तुकडा तपासायला, म्हणजे बायोप्सीला पाठवतात.

तळपाय विसरू नका

मेलानोमा हा तिळासारखा दिसणारा कर्करोग आपल्याकडे कमी आढळतो. पण सावळ्या कातडीत तो झालाच, तर बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. गायक बॉब मार्ले यांना 1977 मध्ये पायाच्या अंगठ्यावर हाच आजार निघाला. 1981 मध्ये, वयाच्या 36 व्या वर्षी ते गेले.

तळव्यावर बोटांच्या ठशांसारख्या रेषा असतात. साध्या तिळाचा रंग सहसा त्यांच्या खाचांमध्ये बसतो, तर मेलानोमाचा उंचवट्यांवर. डोळ्यांना न दिसणारा हा फरक भिंगातून दिसतो.

मोबाइलवर फोटो काढून निदान सांगणाऱ्या अ‍ॅपवर विसंबू नका. अशा प्रोग्रामना शिकवायला वापरलेले बहुतेक फोटो गोऱ्या कातडीचे आहेत.

कधी दाखवायचं?

- तीळ काही महिन्यांत वाढला किंवा त्याचा रंग बदलला
- त्यातून रक्त येतं, जखम भरत नाही
- तो बाकीच्या तिळांपेक्षा वेगळाच दिसतो
- नखावरची काळी रेघ रुंद होत चालली आहे

तपासणीआधी नेलपॉलिश काढा. पायावर मेहंदी लावायची असेल तर ती तपासणीनंतर लावा. महिलांना संकोच वाटत असेल तर लेडी डॉक्टर आहेत का, हे आधीच विचारून घ्या. घरातल्या बुजुर्गांचे तळवे मात्र तुम्हीच एकदा पाहा. वाकून पाहणं त्यांना जमत नाही.