मोठा मासा म्हणजे बहुधा नर

भाल्याने मासेमारी करणारे सांगतात, जाळ्यात सापडेल ते मरतं; आम्ही एकच मासा पाहून, निवडून मारतो. खरं आहे, पण ग्यानबाची मेख त्या निवडीतच आहे. भूमध्य समुद्रातला ग्रूपर, आपल्या हेकरूचा भाऊबंद, मादी म्हणून वाढतो आणि बऱ्याच वर्षांनी, चांगला थोराड झाल्यावर नर होतो. कपारीच्या तोंडाशी येऊन पाणबुड्याकडे टक लावून पाहणारं हे धूड बहुधा नरच. आणि फोटोच्या हौसेपायी भाला सुटतो तो त्याच्यावरच. म्हणून फ्रान्सने १९८० साली कॉर्सिकात आणि १९९३ साली मुख्य भूमीच्या भूमध्य किनाऱ्यावर ग्रूपरच्या भालेमारीला बंदी केली. ट्रॉलर मोकळे आणि आम्हीच का, ही तक्रार रास्त असेलही. पण ट्रॉलरचं जाळं कपारीत शिरत नाही, भाला शिरतो. बंदीनंतर त्या किनाऱ्यावर ग्रूपर पुन्हा दिसू लागले, नरही.