उताणा पडलेला कोळी मेलेला नसतो

मागच्या भागात मी सहज बोलून गेलो, की माझ्या टेबलावर मॉनिटरशेजारी टॅरंट्युलाचं पिल्लू राहतं. त्यावर इतके मेसेज आले की आजचा भाग त्याच्यावरच. निम्म्यांनी विचारलं, चावत नाही का? बाकीच्यांचा प्रश्न मला जास्त आवडला: एवढासा जीव जगवायचा कसा?

मी अमेरिकेत राहतो. इथे ही पिल्लं रीतसर विकत मिळतात. माझं पिल्लू ‘कर्ली हेअर’ जातीचं, मूळ मध्य अमेरिकेतलं. आणलं तेव्हा पाय पसरून जेमतेम एक सेंटिमीटर भरत होतं.

आधी त्याचं यंत्र समजून घेऊ. आपला हात वाकवायला एक स्नायू असतो आणि सरळ करायला दुसरा. कोळ्याच्या पायातल्या मुख्य सांध्यांना वाकवणारा स्नायू आहे, सरळ करणारा नाहीच! पाय सरळ होतो तो आत ढकललेल्या द्रवाच्या दाबाने. जेसीबीचा हात उचलला जातो ना, अगदी तसाच. म्हणजे अंगातलं पाणी कमी झालं की दाब गेला आणि पाय पोटाखाली मुडपले. मेलेला कोळी असा मुठीसारखा आवळलेला दिसतो, त्याचं कारण हेच. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मोठ्या टॅरंट्युलाच्या कातडीवर मेणासारखा थर असतो, त्यामुळे पाणी आत टिकतं. पिल्लाचा हा थर पुरेसा तयार नसतो, म्हणून ते पटकन सुकतं. हॉटेलातून चटणी पार्सल येते तेवढी झाकणाची डबी घ्यायची, गरम सुईने बारीक भोकं पाडायची (पिल्लू बाहेर निसटणार नाही इतकी बारीक), आणि अर्ध्याहून जास्त कोकोपीट भरायचं. एक बाजू ओलसर, दुसरी कोरडी. कुठे बसायचं ते त्याचं ते ठरवतं. चिखल मात्र नको, बुरशी येते. डबी उंचही नको. पडल्यावर पोट फुटलं तर सगळा द्रव वाहून जातो, आणि मग काही करता येत नाही.

खाणं सोपं आहे. आठवड्यातून एकदोनदा, त्याच्या पोटापेक्षा लहान किडा. अगदी छोट्या पिल्लाला मी रातकिड्याचा मेलेला पाय देतो. तो ओढत बिळात नेतो आणि चोखत बसतो. आमच्याकडच्या पाहुण्यांना हे सांगायचं नसतं, एवढं मला कळलंय.

आता खरा घोळ. एक दिवस पिल्लू खाणं सोडतं. पोट फुगून चकचकीत, काळपट होतं. बिळाचं तोंड मातीने बंद करून ते आत बसतं, कधी काही दिवस, कधी काही आठवडे. नवा माणूस घाबरतो, उकरून बघतो, किडे टाकत राहतो. पण ते आजारी नसतं, कात टाकायच्या तयारीत असतं. कोळ्याचा सांगाडा बाहेरून असतो आणि तो वाढत नाही, त्यामुळे वाढायचं तर जुना टाकावाच लागतो.

त्यासाठी ते जाळ्याची चटई विणतं आणि तिच्यावर उताणं पडतं. पाय वर, हालचाल नाही. नेमकं तेव्हाच लोक ‘गेलं बिचारं’ म्हणून जिवंत पिल्लू कचऱ्यात टाकतात. मघाचं आठवा: मेलेला कोळी सहसा पालथा असतो, पाय आत आवळलेले. हे उताणं आहे आणि पाय पसरलेले आहेत. तेव्हा हात लावू नका, फुंकर मारू नका, डबी हलवू नका. फक्त आत जिवंत किडा राहिला असेल तर तेवढा हळूच काढा, कारण रातकिडासुद्धा या मऊ पिल्लाला कुरतडून खातो. कात टाकल्यावर त्याचे विषदंत पांढरे, लुसलुशीत असतात. ते काळे होईपर्यंत खायला देऊ नका. लहान पिल्लाला साधारण आठवडा पुरतो.

कात फेकू नका. थोडी मोठी झाली की पोटाकडचा भाग ओला करून भिंगाखाली पाहून नर की मादी ते कळतं. फरक मोठा आहे: मादी वीस वर्षं जगू शकते, नर काही वर्षांत संपतो.

भारतातल्या श्रोत्यांसाठी थोडं वेगळं. २०२१ च्या जुलैत चेन्नईला कस्टम्सने पोलंडहून आलेलं एक पार्सल उघडलं. आत छोट्या कुप्यांत १०७ जिवंत कोळी होते. परवानगीचे कागद नव्हते, त्यामुळे ते परत पाठवायचं ठरलं. म्हणजे ‘ऑनलाइन मिळतंय’ एवढ्यावर जाऊ नका.

आणि सह्याद्रीत आपले स्वतःचे टॅरंट्युला आहेत. पावसाळ्यात रस्त्याकडेच्या दरडीत बिळं दिसतात, ती उकरून पिल्लं आणू नका. आंध्रातल्या गुटीच्या नावाने ओळखला जाणारा निळा टॅरंट्युला १८९९ साली नोंदला गेला, आणि मग थेट २००१ मध्ये पुन्हा सापडला. आज परदेशातल्या कितीतरी घरांत त्याची पैदास होते, पण स्वतःच्या तुटत चाललेल्या जंगलात तो ‘अतिसंकटग्रस्त’ आहे.

विषाबद्दलचे प्रश्न बरेच आहेत, ते पुढच्या भागात घेऊ. सध्या माझ्या डबीतलं बिळाचं तोंड बंद आहे, अकरावा दिवस.